अँटिव्हायरस ‘बंद’ केला तरी ब्लू स्क्रीन का येतो? फॉरमॅट मारण्याआधी करायची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा: विंडोज ११ चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम. जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून तो काढला आणि दुसऱ्या कंपनीचा टाकला. तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा ब्लू स्क्रीन येऊन मशीन आपोआप रीस्टार्ट होते. घड्याळाशेजारच्या आयकॉनवरून संरक्षण बंद करून पाहिले तरी फरक पडला नाही. त्यावरून दुकानदार म्हणतो, दोष अँटिव्हायरसचा नाही, फॉरमॅट मारा. टॅलीचा तीन वर्षांचा हिशेब याच लॅपटॉपवर आहे.

फॉरमॅट मारू नका. दुकानदाराने काढलेला निष्कर्ष ज्या चाचणीवर उभा आहे, ती चाचणीच चुकीची आहे. आयकॉनवरून संरक्षण बंद केले की अँटिव्हायरस फायली तपासणे थांबवतो, पण त्याचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर चालणारे त्याचे छोटे प्रोग्राम, मेमरीतून उतरत नाहीत. विंडोजमध्ये कोणतीही फाइल उघडली की ती मागणी फिल्टर ड्रायव्हरांच्या, म्हणजे वाटेत बसून मागणी तपासणाऱ्या ड्रायव्हरांच्या, रांगेतून जाते. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर त्या रांगेत उभाच असतो. ‘बंद’ अवस्थेत तो प्रत्येक फाइलला ‘जाऊ दे’ एवढेच म्हणतो, पण मागणी त्याच्या हातातून जातेच. चूक त्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये असेल, तर संरक्षण चालू असो वा बंद, मशीन कोसळणारच. एमएसकॉन्फिगमधून क्लीन बूट (बाहेरच्या सेवा बंद ठेवून विंडोज सुरू करणे) केल्यानेही हे सिद्ध होत नाही, कारण तिथे सेवा बंद होतात, कर्नलमधले, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातले, ड्रायव्हर नाहीत. अँटिव्हायरस दोषी आहे की नाही हे ठरवायचे तर तो पूर्ण काढूनच पाहावे लागते.

(पुढे आज्ञा आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरे वापरा.)

आधी दोन गोष्टी हाताशी घ्या. पहिली म्हणजे टॅलीचा बॅकअप. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप निवडा आणि तो पेनड्राइव्हवर घ्या. शिवाय टॅली पूर्ण बंद करून अख्खे डेटा फोल्डर वेगळे कॉपी करा. सहसा ते सी ड्राइव्हवर युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम या वाटेने ‘डेटा’ नावाने सापडते. एंट्री चालू असताना मशीन कोसळले तर डेटा बिघडू शकतो, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत रोजचा बॅकअप चुकवू नका. दुसरी गोष्ट म्हणजे बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले असेल, तर डिस्क एन्क्रिप्शन तुमच्या नकळत चालू झालेले असू शकते. ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट खाते उघडा, उपकरणांच्या यादीत ही की दिसते. ती कागदावर उतरवा. सेफ मोडकडे (मोजकेच ड्रायव्हर घेऊन चालणाऱ्या विंडोजकडे) जाताना मशीनने की मागितली आणि ती हाताशी नसली, तर काम तिथेच अडते.

आता ‘क्रॅश’ म्हणजे नेमके काय होते ते पाहा, कारण एकाच शब्दाखाली तीन वेगळे आजार लपतात. एखादाच प्रोग्राम, समजा ब्राउझर, अचानक बंद होतो आणि बाकी मशीन चालू राहते, तेव्हा बहुधा अँटिव्हायरसने त्या प्रोग्राममध्ये घुसवलेली डीएलएल फाइल (प्रोग्रामला जोडला जाणारा कोडचा तुकडा) नडते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ॲप्लिकेशन लॉगमध्ये क्रमांक १००० ची नोंद शोधा, त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ पुढे त्या फाइलचे नाव मिळते. अशा वेळी अँटिव्हायरसचे ब्राउझर संरक्षण तेवढे बंद करून भागते. दुसरा प्रकार गोठण्याचा: माउस हलतो, पण काहीच उघडत नाही. दोन फिल्टर एकमेकांची वाट पाहत बसले की असे होते. तिसरा ब्लू स्क्रीन, म्हणजे कर्नलमधली चूक. तुमचा प्रकार हा तिसरा आहे. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हा पडदा काळा दिसतो, अर्थ तोच. आणि ज्या ‘ब्लू स्क्रीन’वर मदतीसाठी फोन नंबर दिलेला असतो, ती ब्राउझरमध्ये उघडलेली फसवणूक असते. खऱ्या पडद्यावर नंबर कधीच नसतो. त्या नंबरला फोन करू नका.

पुरावा कुठे मिळतो

विंडोज आणि आर एकत्र दाबा, ‘सिसडीएम डॉट सीपीएल’ लिहा, ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्ज उघडा. ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा, म्हणजे पडदा थांबेल आणि कोड वाचता येईल. खाली ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडा. डंप म्हणजे कोसळण्याच्या क्षणी मेमरीत काय होते त्याची साठवलेली फाइल. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) सी ड्राइव्हवर हवी. ती बंद करून ठेवली असेल किंवा दुसरीकडे हलवली असेल, तर डंप तयार होत नाही. डंप विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’ नावाच्या उपफोल्डरमध्ये साठतात. सफाई करणारी सॉफ्टवेअर ते ‘कचरा’ समजून उडवतात. तपास संपेपर्यंत अशी सफाई थांबवा.

डंप वाचायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी मोफत मिळते. ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डंप फाइल उघडा आणि खालच्या ओळीत उद्गारचिन्ह, त्याला जोडून ‘ॲनालाइझ’, मग मोकळी जागा आणि ‘-व्ही’ असे लिहा. पहिल्या वेळी ‘सिम्बॉल’ फायली (कोडमधली नावे ओळखायला लागणाऱ्या) नेटवरून उतरतात, त्यामुळे काही मिनिटे लागतात. निकालात ‘इमेज नेम’ पुढे एक फाइल दिसेल. इथेच बहुतेक लोक फसतात. ती फाइल ‘एनटीओएसकर्नल’ किंवा ‘फिल्टमॅनेजर’ची असेल, तर ती विंडोजची स्वतःची आहे, चूक जिथे उघडकीस आली ती जागा तिथे लिहिलेली असते, चूक करणाऱ्याचे नाव नाही. त्याखालचा ‘स्टॅक टेक्स्ट’ (कोसळण्याआधी कोणी कोणाला बोलावले त्याची यादी) एकेक ओळ वाचत जा आणि मायक्रोसॉफ्टचे नसलेले पहिले नाव पकडा. ‘केएलआयएफ’ कॅस्परस्कीचे, ‘एएसडब्ल्यू’ने सुरू होणारी अवास्टची, ‘एमएफई’ने सुरू होणारी मॅकॅफीची, ‘ईएमोनएम’ ईसेटचे, ‘ट्रूफोस’ बिटडिफेंडरचे, ‘कॅटएफएलटी’ पुण्याच्या क्विक हीलचे. नाव ओळखीचे नसेल तर ‘एलएमव्हीएम’, मोकळी जागा आणि ते नाव असे लिहा. कंपनी, आवृत्ती आणि तारीख कळते.

एका डंपवरून निकाल देऊ नका. तीन डंपांत तेच नाव आले तर संशय पक्का समजा. प्रत्येक वेळी वेगळा कोड आणि वेगळी फाइल येत असेल, तर अँटिव्हायरस सोडा आणि रॅमकडे वळा. डंप नसतील तर सिस्टम लॉगमध्ये कर्नल-पॉवरची क्रमांक ४१ ची नोंद उघडा. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ दशमान आकड्यात असतो, पडद्यावरचा मात्र षोडशमान. ८० म्हणजे पडद्यावरचा ५०, २०९ म्हणजे डी१, ५९ म्हणजे ३बी, १२७ म्हणजे ७एफ. तिथे नुसते शून्य असेल तर ब्लू स्क्रीनची नोंदच झालेली नाही. मशीन पूर्ण गोठले किंवा वीज तुटली, इतकेच त्यातून कळते. बॅटरी, चार्जर, तापमान आधी तपासा.

कोड ५०, डी१, ३बी आणि १३९ हे ड्रायव्हरच्या चुकीत नेहमी दिसतात. तुमच्या बाबतीत कोड ७एफ आहे का आणि कोडसोबत दिलेला पहिला पॅरामीटर ८ आहे का, ते जरूर पाहा. याचा अर्थ बहुधा कर्नलचा स्टॅक, म्हणजे कामाची तात्पुरती जागा, भरून वाहिला. कर्नलमधल्या प्रत्येक धाग्याला (‘थ्रेड’ला, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या एका कामाला) ही जागा फार थोडी मिळते, ६४ बिट विंडोजमध्ये २४ केबी आणि ३२ बिटमध्ये १२ केबी. रांगेतला प्रत्येक फिल्टर त्यातला तुकडा घेतो. एक अँटिव्हायरस, जोडीला बॅकअप सॉफ्टवेअर आणि वर जुन्या अँटिव्हायरसचा उरलेला ड्रायव्हर, एवढ्यात ती जागा संपू शकते. मग दोष कोणा एकाचा नसतो. गर्दी नडते.

जुना अँटिव्हायरस खरंच गेला का?

तुमच्या वर्णनातली ही जागा मला सर्वांत संशयास्पद वाटते. मुदत संपलेला अँटिव्हायरस कंट्रोल पॅनेलमधून काढला की त्याचे नाव यादीतून जाते, पण ड्रायव्हर मागे राहू शकतो. कारण स्वतःचे रक्षण करणे हा त्याचा स्वभावच असतो, आणि व्हायरसने त्याला काढू नये म्हणून केलेली तजवीज अर्धवट अनइन्स्टॉलच्या वेळी तुमच्यावरच उलटते. त्यात दोन अँटिव्हायरस एकत्र आले की एकाने तपासण्यासाठी उघडलेली फाइल दुसऱ्याला ‘नवी उघडलेली फाइल’ वाटते, तो ती तपासायला उघडतो, आणि तेच पुन्हा पहिल्याच्या नजरेस पडते.

तपासायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘एफएलटीएमसी’ ही पाच अक्षरे लिहून एंटर दाबा. चालू फिल्टरांची यादी येईल, त्यात ‘अल्टिट्यूड’ नावाचा रकाना असतो, तो रांगेतली जागा सांगतो. ३२०००० ते ३२९९९८ या टापूत अँटिव्हायरस बसतात. ३२८०१० वर ‘डब्ल्यूडीफिल्टर’ दिसला तर घाबरू नका, तो विंडोजच्या डिफेंडरचा आहे. त्याखेरीज या टापूत दोन वेगळ्या कंपन्यांची नावे असतील तर गुन्हेगार जवळजवळ सापडलाच.

काढण्याचा क्रम असा ठेवा. दोन्ही कंपन्यांच्या अधिकृत साइटवरून त्यांचे स्वतंत्र ‘रिमूव्हल टूल’ उतरवून घ्या, नव्या अँटिव्हायरसचा ताजा, पूर्ण इन्स्टॉलरही घ्या. परवान्याची की आणि नोंदणीचा ईमेल लिहून ठेवा. सॉफ्टवेअर काढल्याने पैसे भरलेली मुदत संपत नाही. एक रिस्टोअर पॉइंट (गरज पडल्यास मागे परतता यावे म्हणून सिस्टमची नोंद) बनवा. मग नव्या अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये ‘सेल्फ प्रोटेक्शन’ बंद करा आणि तो नेहमीच्या पद्धतीने, साध्या मोडमध्ये, अनइन्स्टॉल करा. थेट सेफ मोडमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करायला गेलात तर ते अडते, कारण तिथे विंडोज इन्स्टॉलर ही सेवा मुळात चालत नाही. एकदा रीस्टार्ट करा. त्यानंतर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडा आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जाऊन ४ दाबा. सेफ मोड येईल. तिथे पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागेल, तो आधीच आठवून ठेवा. इथे दोन्ही कंपन्यांची टूल चालवा, आधी जुन्या कंपनीचे. प्रत्येकानंतर रीस्टार्ट करा.

पुन्हा साध्या मोडमध्ये येऊन ‘एफएलटीएमसी’ लिहा. परकी नावे गेलेली असली पाहिजेत. डिफेंडर आपोआप चालू होतो, तरी विंडोज सिक्युरिटी उघडून खात्री करा, म्हणजे चाचणीच्या काळात मशीन उघडे राहणार नाही. नेट बंद पडले तर जुन्या अँटिव्हायरसचा नेटवर्क फिल्टर अडकला आहे असे समजा आणि सेटिंग्जमधून ‘नेटवर्क रीसेट’ करा. वायफायचा पासवर्ड मात्र पुन्हा टाकावा लागेल.

आता घाई करायची नाही. दोन क्रॅशमध्ये नेहमी जितके अंतर पडते, त्याच्या किमान तिप्पट काळ नेहमीचे काम करत राहा. तुमच्याकडे दिवसाला दोन-तीन क्रॅश होतात, तेव्हा तीन-चार दिवस पुरेत. ज्याचे मशीन आठवड्यातून एकदा कोसळते, त्याने तीन आठवडे थांबायला हवे. दोन दिवस ठीक चालले म्हणून ‘सुटले’ म्हणणारे बरेच जण नंतर फसतात.

याच काळात एक उलटतपासणी करा: डिफेंडरने पूर्ण स्कॅन चालवा. स्कॅनच्या वेळी डिस्कवरची जवळपास प्रत्येक फाइल वाचली जाते, प्रोसेसर तापतो, रॅम भरते. आधीचे क्रॅश स्कॅनच्याच वेळी होत असतील आणि डिफेंडरच्या स्कॅनलाही मशीन कोसळले, तर अँटिव्हायरस निर्दोष आहे. त्याने फक्त कमकुवत हार्डवेअरवर ताण आणला. कोड १२४ हा हार्डवेअरचा, आणि १ए आला तर रॅम आधी तपासा. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. ८ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एकही चूक दिसली तर रॅम बदलायची, ‘थोडीच आहे’ असा हिशेब इथे चालत नाही. डिस्कसाठी ‘चेकडिस्क’ (टाइप करताना सीएचकेडीएसके) ला तिरकी रेघ आणि ‘स्कॅन’ जोडून चालवा.

मशीन विंडोजपर्यंत पोचतच नसेल तर

सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केले की रिकव्हरीचा निळा मेनू येतो. तिथून सेफ मोड चालला तर वरचाच मार्ग. तोही कोसळत असेल तर आधी सिस्टम रिस्टोअर. ते नसेल तर ड्रायव्हरला रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून, झोपवावे लागते. हे नाजूक काम आहे. सावकाश करा.

रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रेजएडिट’ लिहा. विंडोजचा ड्राइव्ह इथे सी ऐवजी डी असू शकतो, आधी फोल्डर पाहून खात्री करा. ‘एचकी लोकल मशीन’वर क्लिक करून फाइल मेनूतून ‘लोड हाइव्ह’ निवडा (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीचा एक भाग ठेवणारी फाइल), विंडोजमधल्या सिस्टम३२ च्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमधली ‘सिस्टम’ फाइल उघडा आणि तिला कोणतेही नाव द्या. ‘सिलेक्ट’मध्ये ‘करंट’ पुढे जो आकडा असेल (बहुधा १), त्या क्रमांकाच्या कंट्रोलसेटमध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडा. संशयित ड्रायव्हरच्या नावाखाली ‘स्टार्ट’ नावाची किंमत असते. जुना आकडा लिहून ठेवा आणि तिथे ४ करा. ४ म्हणजे बंद. मग ‘अनलोड हाइव्ह’ करून रीस्टार्ट करा.

ड्रायव्हरची फाइल सरळ डिलीट करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. काही अँटिव्हायरस कीबोर्ड, डिस्क किंवा व्हॉल्यूमच्या वर्गातही आपले नाव घालून ठेवतात. त्याच कंट्रोलसेटमध्ये कंट्रोल, क्लास या वाटेने जाऊन ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’मध्ये ते नाव आहे का, हे शोधा. नाव तिथे असताना ड्रायव्हर उडवला किंवा झोपवला, तर कीबोर्ड मरतो, नाहीतर कोड ७बी येऊन विंडोजला बूट डिस्कच सापडत नाही. अशा वेळी त्या किमतीतली तेवढीच एक ओळ काढायची, विंडोजच्या बाकीच्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या.

मग १९ जुलै २०२४ ला जगभर ‘फाइल डिलीट करा’ हाच उपाय का चालला? त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या फाल्कन सेन्सरला (कंपन्यांच्या मशीनवर चालणाऱ्या तिच्या संरक्षण सॉफ्टवेअरला) ‘सी-०००००२९१’ या नावाने सुरू होणारी फाइल गेली. तिचे शेपूट ‘सिस’ असले तरी ती ड्रायव्हर नव्हती, ड्रायव्हरने वाचायच्या माहितीची फाइल होती. तिच्यामुळे २१ वा रकाना वाचला गेला, आणि सेन्सरचा कोड २०च पुरवत होता. नसलेली २१ वी जागा कर्नलमध्ये वाचायला गेल्याने मशीन कोसळले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला ती फाइल सुटली, १०:५७ ला मागे घेतली गेली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. फाइल मागे घेतल्यावरही पडलेली मशीन उठली नाहीत, कारण नवी फाइल घ्यायला विंडोज चालू व्हायला हवे. माणसाने प्रत्येक मशीनसमोर बसून सेफ मोडमधून ती फाइल काढावी लागली, आणि कित्येक ठिकाणी काम अडले ते बिटलॉकर कीपाशी. की कागदावर लिहून ठेवा असे आधी सांगितले ते यासाठी.

अँटिव्हायरस विंडोजचीच फाइल उचलतो, अशा वेगळ्या जातीचे उदाहरण २१ एप्रिल २०१० चे. मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या व्याख्येने (व्हायरस ओळखण्याच्या माहितीच्या अपडेटने) विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजचीच फाइल व्हायरस ठरवली. मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली, नेटही गेले. अशा वेळी कोड बहुधा ईएफ असतो, ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’. इथे अँटिव्हायरस काढून भागत नाही, क्वारंटाइनमधून (अँटिव्हायरसने संशयित फायली बाजूला ठेवलेल्या जागेतून) फाइल परत आणावी लागते. नाहीतर ‘डिसम’ची ‘रिस्टोअरहेल्थ’ आज्ञा आणि तिच्यानंतर ‘एसएफसी स्कॅननाऊ’, याच क्रमाने.

ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचे हत्यार विंडोजमध्येच आहे. ते संशयित ड्रायव्हरवर मुद्दाम ताण आणून त्याला रंगेहाथ पकडते. पण ते क्रॅश घडवूनच पकडते. बॅकअपशिवाय लावू नका, फक्त त्या एकाच ड्रायव्हरवर लावा, आणि मशीन उठेनासे झाले तर सेफ मोडमधून ‘व्हेरिफायर’, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘रीसेट’ अशी आज्ञा द्यायची हे आधीच लिहून ठेवा. तीन डंपांनी नाव सांगितले असेल तर त्याची गरजही नाही.

टॅलीचे फोल्डर ‘एक्स्क्लूजन’मध्ये, म्हणजे अँटिव्हायरसने न तपासायच्या यादीत, टाकण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. टॅली संथ चालत असेल तर त्याचा उपयोग आहे, तेव्हा फक्त डेटा फोल्डर टाका, अख्खा सी ड्राइव्ह कधीही नाही. ब्लू स्क्रीनवर हा उपाय नव्हे. वगळलेल्या फाइलची मागणीही त्याच ड्रायव्हरमधून जाते.

चार दिवस मशीन शांत राहिले तर नवा अँटिव्हायरस ताज्या इन्स्टॉलरवरून पुन्हा टाका. जुनी सीडी किंवा डाउनलोड फोल्डरमधली मागची फाइल वापरू नका. आता तो एकटा आहे. तरीही क्रॅश आले नाहीत, तर दोष उरलेल्या जुन्या ड्रायव्हरचा होता आणि काम संपले. क्रॅश परत आले तर तो काढा, डिफेंडरवर काम चालू ठेवा आणि कंपनीच्या मदत विभागाला तीन मिनीडंप, अँटिव्हायरसची पूर्ण आवृत्ती, विंडोजचा बिल्ड क्रमांक (‘विनव्हर’ लिहिले की दिसतो) आणि ‘एफएलटीएमसी’च्या यादीचा फोटो पाठवा. नुसते ‘मशीन क्रॅश होते’ असे लिहिलेत तर उत्तरात पुन्हा इन्स्टॉल करण्याचा सल्ला येतो. डंप जोडले की तक्रार ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या टेबलावर पोचण्याची शक्यता वाढते.